अक्षरामागचा दगड

पवनीच्या परकोटाच्या जुन्या दरवाज्याला गावात सगळे जवाहर गेट म्हणतात. त्याच्या एकाच फोटोच्या दोन प्रती माझ्यासमोर आहेत. पहिलीत दरवाज्याच्या माथ्यावरून आडवं 'सुप्रभात' लिहिलेलं आहे. पिवळी अक्षरं, त्यांना लाल कड आणि कडेबाहेर पांढरट उजेडाची झालर. खाली दगडी भिंतीवर बारीक अक्षरांत सुविचाराच्या दोन ओळी. सकाळी उठल्यावर मोबाइलमध्ये ज्या चित्रांचा ढीग पडलेला असतो, त्यांतलंच हे एक. दुसऱ्या प्रतीत नुसता दरवाजा आहे, भिंत आहे, भिंतीतून उगवलेला पिंपळ आहे आणि वर आभाळ आहे.

मला रसग्रहण करायचं आहे ते या दुसऱ्या प्रतीचं. रसग्रहण आपण कवितेचं करतो, चित्राचं करतो, एखाद्या बंदिशीचं करतो. पुसण्याच्या कामाचं कोणी करत नाही, कारण ते काम चांगलं झालं की दिसतच नाही. पण ही दुसरी प्रत मी जितक्या वेळा मोठी करून पाहिली तितकी माझी खात्री पटत गेली की ही एका जाणकाराने केलेली रचना आहे, आणि तिच्यात त्याने चित्राचा जो अर्थ लावला तो ओळीओळीने वाचता येतो.

एका शाळेच्या विशेषांकाला मुखपृष्ठावर हा फोटो हवा होता. ज्याने काढला त्याने आनंदाने परवानगी दिली, पण त्याचा जुना फोन गेला त्यात मूळ फोटोही गेला होता. गावभर फिरलेली ही 'सुप्रभात'वाली प्रत तेवढी उरली होती. ती गेली पवनीतल्याच एका डीटीपीच्या दुकानात. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, पावतीपुस्तकं, झेरॉक्स, लॅमिनेशन असं सगळं तिथे चालतं. संगणकावर बसणाऱ्या मुलाने चित्र उघडलं, थोडं खालीवर करून पाहिलं आणि म्हणाला, "सर, अक्षरं तं निघून जातेत. मांगचा दगड कोठून आणू ते सांगा."

सगळं काम या प्रश्नात आलं. छापील चित्रावर अक्षर लिहिलं की त्याखालचं चित्र झाकलं जातं, नाहीसं होत नाही. संगणकात ज्या फाइलमध्ये थर वेगळे ठेवलेले असतात तिथेही तसंच. अक्षरांचा थर बंद केला की खालचं दिसतं. पण सगळे थर एक करून जेपीजी फाइल बनवली की अक्षराच्या जागी फक्त अक्षराचा रंग उरतो. पिवळ्याखाली दगड नाही. पिवळ्याखाली काहीच नाही. म्हणून 'अक्षर काढणं' असं आपण म्हणतो तरी प्रत्यक्षात करायचं असतं ते वेगळंच: जिथे अक्षर होतं तिथे काय असणार हे ओळखून ते नव्याने घडवायचं. त्यासाठी आजूबाजूचं चित्र वाचावं लागतं, आणि तेही साधं पाहणारा पाहतो त्याच्या कितीतरी पट बारकाईने.

त्यात आपली लिपी या कामाला जास्त अवघड. रोमन अक्षरं सुटी असतात; दोन अक्षरांच्या मधल्या फटीतून मागचं थोडं थोडं दिसत राहतं. देवनागरीत शिरोरेषा आहे. 'सुप्रभात'ची शिरोरेषा या चित्रात आभाळाच्या तुकड्यावर सुरू होते, पिंपळाच्या पानांवरून जाते आणि भिंतीच्या माथ्यावर येऊन थांबते. तीन निराळ्या पोतांना झाकणारा एकच सलग पट्टा. वर मात्रा-वेलांटीचे फराटे नसले तरी खाली 'सु'चा उकार आहे, 'प्र'चा तिरपा पाय आहे.

आता दुसरी प्रत डावीकडून पाहू. जिथे 'सु' होता तिथे आभाळ आहे. आभाळ सोपं वाटतं आणि तिथेच नवखा माणूस फसतो. सकाळचं आभाळ एका रंगाचं नसतं. खाली फिकट, वर गडद, आणि हा बदल इतका सावकाश की डोळ्याला कळत नाही. शेजारचा तुकडा उचलून तसाच चिकटवला की त्याची कड लगेच दिसते. क्लोन स्टॅम्प नावाचं जुनं साधन हेच करतं: इथलं उचल, तिथे ठेव. 2002 साली फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला तेव्हा फरक पडला. तो उचललेल्या जागेचा पोत घेतो, पण रंग आणि उजेड जिथे ठेवायचं तिथला धरतो. या आभाळात तोच वापरला आहे, आणि थोडा थोडा वापरला आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या आभाळात जो बारीक दाणा असतो तो इथे सगळीकडे सारखा आहे. घाईने केलेल्या कामात दुरुस्त केलेली जागा गुळगुळीत होते, तिथला दाणा मरतो. इथे तो जिवंत आहे.

पिंपळावरून मी लवकर पुढे जातो. पानं क्षमाशील असतात. त्यांच्यात इतका गोंधळ असतो की चार पानं इकडची तिकडे झाली तर कोणाच्या बापाला कळत नाही. फक्त एक गोष्ट सांगण्यासारखी: 'प्र'च्या तिरप्या पायाखाली जी पानं भरली आहेत त्यांचा उजेड डावीकडूनच येतो. पानं उलटी करून लावण्याचा मोह होतो, कारण त्याने तोचतोचपणा लपतो. पण उलटं केलं की उजेडही उलटा होतो. त्याने तसं केलं नाही.

खरी जागा 'भा'ची.

पहिल्यांदा त्याने संगणकालाच सांगितलं होतं की हे अक्षर काढ आणि मागचं तूच भर. क्षणात भरलं. भिंतीचा माथा डावीकडून येत होता, उजवीकडे पुढे जात होता; संगणकाने दोन्ही टोकं सरळ रेषेने जोडली. मला ते उत्तम वाटलं. तो मात्र स्क्रीनकडे पाहत राहिला, मग त्याने केलेलं सगळं मागे घेतलं, 'भा' पुन्हा आणला आणि मोठा केला. 'भ'च्या डोक्यावर शिरोरेषा तुटते. 'ध' आणि 'थ' यांच्यावरही तुटते, म्हणून तर ती 'घ'पासून, 'य'पासून वेगळी कळतात. 'सुप्रभात'च्या त्या सलग पट्ट्यात एवढी एकच फट होती, जेमतेम नखाएवढी, आणि तिच्यातून मागचं खरं चित्र दिसत होतं. त्या फटीत दगड असायला हवा होता. होतं आभाळ.

म्हणजे भिंतीचा माथा तिथे सरळ नव्हता. एक दगड खाली होता.

वाचन म्हणतात ते याला. फोटो गावभर फिरला, शेकडो लोकांनी पाहिला, पुढे पाठवला. 'भ'च्या फटीत डोकावून भिंतीची उंची कोणी मोजली नव्हती. ती त्याने मोजली, कारण त्याला ते अक्षर पुसायचं होतं. मग त्याने आणखी एक गोष्ट केली. जवाहर गेट दुकानापासून हाकेच्या अंतरावर. गाडी काढली, जाऊन आला. माथ्यावरचा एक दगड खरोखरच निखळलेला आहे, आणि त्या खाचेत गवत उगवलेलं आहे. त्याने मोबाइलवर त्या जागेचा फोटो काढून आणला होता. मला वाटलं, झालं, आता हाच तुकडा चिकटवेल. त्याने तो शेजारच्या खिडकीत नुसता उघडून ठेवला. मूळ चित्र सकाळचं, हा तुकडा भर दुपारचा. दगडांच्या सावल्या जुळत नव्हत्या. त्याने खाचेचा आकार त्यावरून घेतला आणि भरण्यासाठी दगड घेतले जुन्या फोटोतलेच, त्याच भिंतीवर थोडे खाली असलेले, त्याच सकाळच्या उजेडातले.

दुसऱ्या प्रतीत ती खाच आहे. तिच्यामुळे ही प्रत मला आवडते. एक बिनचूक सरळ माथा सहज मिळत असताना मोडका माथा त्याने निवडला, कारण भिंत तशी आहे.

खालच्या दोन ओळींचं काम संथ आणि कष्टाचं होतं, पण त्यात सांगण्यासारखं कमी. बारीक अक्षरांच्या मधून भिंत पुष्कळ दिसत होती. दगडांचे थर आणि त्यांच्या मधल्या सांध्यांच्या रेषा धरून एकेक अक्षर उचललं. पाहणाऱ्याने एक कसोटी लावून पाहावी: भिंतीवर एखादा ठळक डाग शोधावा आणि तसाच डाग दुसरीकडे आहे का ते बघावं. जिथे एकच तुकडा दोनदा वापरलेला असतो तिथे जुळे डाग सापडतात. मी शोधले. कमानीजवळ एक जोडी सापडली, शेवाळाच्या दोन काळपट ठिपक्यांची. कमानीचे दगड पंख्यासारखे पसरत जातात, प्रत्येकाचा कल निराळा, त्यामुळे तिथे उचलण्याजोगा तुकडा फारसा नसतो. एवढी एक जागा कच्ची राहिली आहे.

संगणकाने सरळ रेषा का जोडली, हे समजून घेण्यासारखं आहे. 2000 साली मार्सेलो बेर्ताल्मिओ, गिलेर्मो सापिरो, व्हिसेंट काझेलेस आणि कोलोमा बॅलेस्टर या चौघांनी 'इमेज इनपेंटिंग' नावाचा निबंध मांडला. शब्द त्यांनी चित्रांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांकडून घेतला होता. संग्रहालयातले कारागीर पोपडे उडालेल्या जागी रंग कसा भरतात हे त्यांच्याशी बोलून पाहिलं होतं. त्या निबंधातल्या उदाहरणांत एक फोटो आहे ज्याच्यावर अक्षरं छापलेली आहेत आणि ती काढून खालचं दृश्य भरून दाखवलं आहे. पद्धत अशी: रिकाम्या जागेच्या काठावर सारख्या उजेडाच्या ज्या रेषा येऊन थांबतात, त्या आतपर्यंत वाढवत न्यायच्या. अरुंद फटीला हे फार छान जमतं. रुंद जागेत सगळं पुसट होतं, कारण रेषा वाढते, पोत वाढत नाही. मग दुसरा विचार आला: चित्रातलाच एखादा मिळताजुळता तुकडा शोधून आणायचा. 2009 साली कॉनेली बार्न्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॅचमॅच नावाची रीत दिली, तिने हा शोध एवढा झपाट्याने होऊ लागला की पुढच्याच वर्षी फोटोशॉपमध्ये 'कंटेंट-अवेअर फिल' आलं. गिम्पसारख्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉल हॅरिसनचं 'रिसिंथेसायझर' याच जातीचं काम त्याआधीपासून करत होतं.

या सगळ्यांचा एकच विश्वास आहे: जे दिसत नाही ते शेजारच्यासारखं असणार. पानांना, गवताला, पाण्याला, वाळूला हा विश्वास खरा ठरतो. वैनगंगेच्या पात्रावर अक्षर असतं तर काही प्रश्नच नव्हता. पण निखळलेला दगड शेजारच्या दगडावरून कळत नाही. माणसाच्या चेहऱ्यावर अक्षर असेल तर एक डोळा दुसऱ्यावरून काढता येत नाही.

2023 पासून फोटोशॉपमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने भरण्याची सोय आली आहे, तिचा विश्वास आणखी वेगळा. ती शेजार पाहतेच, शिवाय लाखो दुसऱ्या चित्रांत अशा जागी काय असतं ते आठवते. त्या मुलाने तेही करून दाखवलं. भिंतीच्या माथ्यावर सुरेख कंगोरे आले, कुठल्यातरी राजस्थानी गढीवर शोभावेत असे. एकेक दगड तासून बसवलेला. दिसायला इतकं खरं की ज्याने पवनी पाहिली नाही त्याला शंका येणार नाही. मला ही गोष्ट गंभीर वाटते. पूर्वीची साधनं चुकली की पुसट व्हायची, तिथे काहीतरी केलंय हे दिसायचं. हे साधन चुकतं तेव्हा सुंदर चुकतं, आणि छोट्या गावांच्या वास्तू, ज्यांचे फोटो जगात मुळातच थोडे आहेत, त्यांच्या बाबतीत ते जास्त चुकणार. ताजमहालाची लाखो चित्रं आहेत. जवाहर गेटची किती असतील?

जीर्णोद्धारकांनी या प्रश्नाचा विचार आपल्या आधी केला आहे. रोममध्ये 1939 साली जीर्णोद्धाराची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, चेझारे ब्रांडी तिचे पहिले संचालक. दुसऱ्या महायुद्धात फुटलेली भित्तिचित्रं जोडताना तिथे 'त्रातेज्जो' नावाची रीत रूढ झाली: गेलेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरायची. लांबून पाहिलं तर चित्र अखंड दिसतं. जवळ गेलं की रेघा दिसतात आणि इथलं मूळ गेलेलं आहे हे कळतं. पाहणाऱ्याला आनंदही द्यायचा आणि फसवायचं नाही. पवनीच्या चित्रात रेघा मारणं शक्य नव्हतं, पण त्याच विचाराने अंकाच्या आतल्या पानावर एक ओळ छापायचं ठरलं: मुखपृष्ठावरील छायाचित्रातील मजकूर संगणकावर काढला आहे. हा आग्रह संपादकांचा होता आणि मला तो मोलाचा वाटतो. अशी ओळ छापायला कागद वाढत नाही, तरी ती क्वचितच छापली जाते.

अर्धं काम अजून राहिलं होतं. मोकळ्या झालेल्या आभाळात अंकाचं नाव यायचं होतं: 'शिल्पनगरी पवनी'. चित्रात नवा मजकूर घालणं म्हणजे नुसतं टाइप करणं, असं वाटतं. पण चित्र ज्या उजेडात, ज्या दाण्यात, ज्या पुसटपणात आहे त्याच्याशी अक्षर जुळलं नाही तर ते चित्रावर तरंगतं. मुखपृष्ठाच्या नावाने तरंगायला हरकत नाही, ते नावच आहे. तरी त्याने निव्वळ काळा रंग घेतला नाही. कमानीच्या आतल्या सावलीतून गडद तपकिरी उचलला आणि तो अक्षरांना दिला. आता नाव भिंतीशी बोलतं.

अक्षरांच्या वळणाचा प्रश्न त्यानंतर आला. अनेक फॉन्टांत 'शिल्प' टाइप केलं की 'श' आणि 'ल' हिंदी वळणाचे उमटतात. मराठी 'ल' दोन पाकळ्यांचा, 'श'ला देठ. 2009 साली महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचा जो निर्णय काढला त्यात हीच रूपं प्रमाण धरली आहेत. चांगल्या युनिकोड फॉन्टांत दोन्ही रूपं असतात आणि भाषा 'मराठी' निवडली की योग्य ते रूप येतं, पण निवडायची आठवण पाहिजे. दुकानातल्या मुलाला ती होती. "हा 'ल' आपला नाही ना सर," एवढंच म्हणून त्याने बदलला. फ्लेक्सच्या घाईगर्दीत वाढलेल्या हाताला ही नजर असेल असं आपण धरून चालत नाही. ती असते, तिला वाव मिळत नाही.

एकाच चित्रावर मजकूर बदलत राहण्याची चाल आपल्याकडे संगणकाच्या फार आधीची आहे. रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या, आणि तीच चित्रं कॅलेंडरांवर, जाहिरातींत वेगवेगळ्या व्यापाऱ्यांच्या नावांनी वावरली. कॅलेंडराच्या चित्राखाली कोरी पट्टी ठेवायची, तिच्यात कापड दुकानाचं नाव छापा की किराणा दुकानाचं. चित्रकाराने अक्षरासाठी जागा आधीच सोडलेली असे, म्हणून चित्राला धक्का लागत नसे. फोटो स्टुडिओत काम उलटं चाले. शाळेच्या ग्रुप फोटोखाली जी पांढरी नावं असतात ती निगेटिव्हवर काळ्या शाईने, तीही उलटी लिहावी लागत. चुकलं तर खरवडताना काचेवरचा थर निघे. ते हात किती जपून चालत असतील याचा अंदाज जुन्या फोटोंतल्या त्या सरळ ओळींवरून येतो.

हीच कला वाईट कामालाही लागते, आणि फार आधीपासून लागलेली आहे. 1917 च्या पेट्रोग्राडमधल्या निदर्शनांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. मूळ चित्रात मागे एका दुकानाची पाटी आहे: घड्याळं, सोनं, चांदी. फिरवलेल्या चित्रात त्या पाटीच्या जागी लढ्याची घोषणा आली आणि कोऱ्या झेंड्यावर राजेशाहीविरोधी मजकूर उमटला. घड्याळजीचं दुकान क्रांतीत भरती झालं. आज हेच काम वर्तमानपत्राच्या कात्रणावर होतं. मथळा बदलतो, तारीख बदलते, कोणाच्या तोंडी न बोललेलं वाक्य येतं, आणि निवडणुकीच्या तोंडावर ते कात्रण तालुक्यातालुक्यांत फिरतं. गुणपत्रिकेवरचा आकडा, सातबाऱ्यावरचं नाव, परवानगी नसलेल्या फोटोवरची छायाचित्रकाराची सही, हे बदलण्यालाही साधनं तीच लागतात. हा गुन्हा आहे आणि त्याला कलेच्या नावाने सूट नाही.

पण ज्याने चांगलं पुसणं पाहिलं आहे त्याला खोटं पुसणं ओळखता येतं, म्हणून हे रसग्रहण कामाचंही आहे. कात्रण आलं तर आधी मोठं करून पाहावं. कागदावर शाईचा, पोताचा जो दाणा आहे तो मथळ्याच्या आजूबाजूला एकदम गुळगुळीत झाला आहे का? त्या वर्तमानपत्राचा 'ल' पाकळीचा आणि या मथळ्यातला दांडीचा तर नाही? जेपीजी चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत दाबलं जातं. पुन्हापुन्हा पाठवलेल्या चित्रात हे चौकोन सगळीकडे सारखे धुरकट होतात, आणि नव्याने घातलेली ओळ मात्र त्यांच्यात कोरी करकरीत दिसते. शिरोरेषा छापील ओळीच्या कलाबरोबर चालते की स्वतःच्या कलाने? बहुतेक खोटेपणा एवढ्यावर उघडा पडतो.

हे सगळं पवनीत बसून लिहिताना आणखी एक गोष्ट मनात येते. अक्षर आणि चित्र यांचं नातं या गावाने दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर सोडवून ठेवलं आहे. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या कठड्याचे दगड सापडले, त्यांच्यावर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं. एका स्तंभावर पाच फण्यांचा नाग आहे आणि जवळ अक्षरं कोरली आहेत, ती त्याचं नाव सांगतात: मुचलिंद.

कथा बौद्ध परंपरेतली. ज्ञानप्राप्तीनंतर बुद्ध ध्यानात बसले असताना अवेळी पाऊस सुरू झाला, सात दिवस थांबला नाही. मुचलिंद नागाने त्यांच्याभोवती वेटोळं घालून डोक्यावर फणा धरला. त्या काळच्या शिल्पात बुद्धाला माणसाच्या रूपात दाखवत नसत. झाड, आसन, पावलं, छत्र, एवढ्यावरून तो तिथे आहे हे ओळखायचं. म्हणजे या दगडात ज्याच्यासाठी सगळं घडलं तो दिसतच नाही, आणि जो दिसतो तो नाग इतर कुठलाही नाग असू शकला असता. विदर्भात नागपूजा थोडी आहे का? ती नावाची ओळ आहे म्हणून हा नाग मुचलिंद आहे, तो मुचलिंद आहे म्हणून पाऊस आहे, आणि पाऊस आहे म्हणून त्याखाली बसलेला न दिसणारा माणूस आहे. ओळ पुसली तर दगडाचा एक कणही कमी होणार नाही आणि चित्र मात्र रिकामं होईल. 'सुप्रभात' दरवाज्यावर ठेवलेलं होतं. मुचलिंदाचं नाव नागाइतकंच शिल्पातलं आहे.

पवनीतलाच आणखी एक स्तंभ आहे, महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ. लेख अगदी त्रोटक: कोणाचा स्तंभ, एवढंच. हा महाक्षत्रप कोण, वैनगंगेच्या काठी त्याचा स्मारकस्तंभ कसा आला, यावर अभ्यासकांनी तर्क केले; वा. वि. मिराशींनी तो लेख वाचून प्रसिद्ध केला. अशा वाचनाची शिस्त मला दुकानातल्या कामाइतकीच देखणी वाटते. दगडावर ओला कागद ब्रशने ठोकून बसवायचा, वर शाई थापायची. खोल गेलेली अक्षरं कागदावर पांढरी राहतात. मग वाचायचं. झिजलेलं अक्षर अंदाजाने वाचलं तर ते चौकोनी कंसात. मुळात नाहीच, संपादकाने घातलं, तर कंसाबरोबर ताऱ्याची खूण. भरायचं, पण भरलं आहे असं सांगून. रोमच्या उभ्या रेघा, शाळेच्या अंकातली ती एक ओळ आणि मिराशींच्या पिढीचा तारा ही एकाच घराण्याची माणसं.

आता अशा शिल्पांचे फोटो पुस्तकांत येतात तेव्हा दुकानांत एक काम हमखास सांगितलं जातं. संग्रहालयातल्या मूर्तींवर पांढऱ्या रंगाने नोंदणी क्रमांक घातलेला असतो. तो डोळ्यात येतो, काढून टाका. आजच्या साधनांनी तो एका टिचकीत जातो, मागचा दगड बेमालूम भरतो. मला वाटतं, तो राहू द्यावा. मूर्ती कुठल्या संग्रहात आहे, कोणत्या नोंदवहीत तिची जागा आहे, कुठल्या टेकडीवरून ती आली याचा धागा त्या आकड्यापाशी सुरू होतो. फोटोवर फिरताना कोणी घातलेलं नाव, फुलं, सुविचार खुशाल काढावेत, फोटो ज्याचा त्याला विचारून. दगडावरचं अक्षर जसं आहे तसं ठेवावं, उठून दिसावं म्हणून त्याच्या कडा संगणकात गडद करण्याच्याही भानगडीत पडू नये, कारण पुढचा वाचक त्या गडद कडेलाच छिन्नीची खूण समजेल आणि 'र'चा 'ल' वाचेल. आणि पांढरा आकडा, कितीही कुरूप असला तरी, छापावा.